वजनदारांची सायकल : आधी चाक बघा

काळ्या सायकलीला तिची वजनमर्यादा कुणी कधी विचारली नाही. किल्लारी, सास्तूर, माकणीच्या पट्ट्यात तिच्या कॅरियरवर ज्वारीचं पोतं बसलं, दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन लटकल्या, बाजारच्या दिवशी मागे बायको आणि पुढच्या दांडीवर पोरगं बसलं, तरी ती निमूट चालली. तिचा ढाचा इंग्लंडच्या रॅलेच्या नमुन्यावरचा. नंतर हर्क्युलिस, अ‍ॅटलास, हिरो यांनी तोच उचलला. त्या ढाच्यात एक बारकावा होता: पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. बोजा मागे पडतो हे ज्याने ते चाक आखलं त्याला पक्कं ठाऊक होतं.

आज लातूरच्या दुकानात टांगलेली रोड सायकल बघितली, तर तिच्या मागच्या चाकात २८ तारा दिसतात, कधी २४, आणि जरा महागाच्या वर्गात २०. टायर करंगळीपेक्षा थोडं जाड, हँडल खाली वळलेलं, सीट अगदी अरुंद. आता शंभर किलोंच्या आसपासचा, चाळिशी ओलांडलेला माणूस डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती घ्यायला जातो. मास्तर असतो, वकील असतो, अडतीवर बसणारा असतो. दुकानदार त्याला आपादमस्तक न्याहाळतो आणि जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या सायकलीकडे वळवतो. “मालक, तुमच्या अंगाला हीच बरी. काय होत नसतंय हिला.” घरी आल्यावर पुण्यातला भाचा फोनवर उलटं सांगतो: “मामा, शॉकअप घेऊ नका, कार्बनची घ्या, हलकी असते.” दोघांचा हेतू चांगला आहे आणि दोघंही चुकीच्या भागाबद्दल बोलतायत. भारी माणसाची रोड सायकल सांगाड्यात फारशी मोडत नाही. ती मोडते मागच्या चाकात. त्यामुळे निवडीची सुरुवात तिथून व्हायला हवी आणि बाकीचं सगळं त्यानंतर.

पण त्याआधी काट्याचा हिशेब. बहुतेक नावाजलेल्या कंपन्या त्यांच्या माहितीपुस्तिकेत कमाल वजन छापतात. रोड सायकलींसाठी ते साधारण ११० ते १२५ किलोंच्या दरम्यान असतं. हा आकडा नुसत्या स्वाराचा की सगळ्यांचा मिळून, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि गाडी अडते ती तिथेच. समजा स्वार १०५ किलोंचा. सायकल ११ किलोंची. पाण्याच्या दोन बाटल्या दीड किलो. बूट, हेल्मेट, कपडे, पान्यांची पिशवी, ट्यूब मिळून अडीच. झाले १२०. मर्यादा एकूण १२० ची असेल तर हा माणूस नाश्ता करून निघाला की काठावर आला. म्हणून पुस्तिका मागून घ्यायची आणि दुकानातच वाचायची. “एवढं कोण बघतं” असं उत्तर मिळालं तर ते उत्तरही माहितीच समजावी. मर्यादा ओलांडली की सायकल त्याच दिवशी कोसळते असं मुळीच नाही. पण वॉरंटीचा दावा तिथेच संपतो, आणि चाकाची झीज वाढते ती वेगळीच.

आता चाक. अमेरिकन अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात चाकाचं गणित सविस्तर मांडलं. चाकातल्या सगळ्या तारा आधीच ओढून ताणलेल्या असतात. माणूस बसला की जमिनीकडच्या, म्हणजे तळाच्या दोन-चार तारांचा ताण कमी होतो. बाकीच्यांना फारसा फरक पडत नाही. चाक फिरतं तशी प्रत्येक तार तळाशी येते, सैलावते, वर जाते, पुन्हा ताठ होते. एका फेरीत एकदा. २८ मिलिमीटर टायरचं चाक किलोमीटरमागे सुमारे ४७० फेऱ्या घेतं. किल्लारीहून औशापर्यंत जाऊन थोडं पुढे गेलात, चाळीस किलोमीटर झाले, की एकेक तार जवळजवळ १९ हजार वेळा सैल-ताठ झालेली असते. लोखंडी पट्टी सारखी वाकवून तोडावी तशी तार शेवटी थकून तुटते, आणि तुटते ती सहसा हबजवळच्या वाकणात.

माणूस जितका भारी तितकी ती सैलावण्याची खोली जास्त. तारा मुळातच ढिल्या असतील तर तळाशी आल्यावर त्या पुरत्या लोळतात, तार रिमला आवळून धरणारं निपल हळूहळू फिरतं, चाक आऊट होतं, आणि आऊट झालेल्या चाकात चार तारांचा भार दोघींवर येतो. मागच्या चाकाचं दुखणं आणखी वेगळं आहे. चेनच्या बाजूला गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, म्हणून त्या बाजूच्या तारा जवळजवळ उभ्या आणि फार ताठ, तर डावीकडच्या तिरप्या आणि सैल. त्यात स्वार आणि सायकल मिळून जे वजन होतं त्याचा निम्म्याहून बराच मोठा वाटा याच चाकावर. मागच्या चाकाला ४० तारा घालणारा जुना कारागीर शहाणा होता तो असा.

त्यामुळे शंभरच्या वरच्या माणसाने मागच्या चाकात किमान ३२ तारा मागाव्यात, ३६ मिळाल्या तर सोनं. रिम डबल वॉलची हवी. निपलं पितळी हवीत. अ‍ॅल्युमिनियमची निपलं हलकी असतात आणि नेमकी पावसाळ्यानंतर दगा देतात. तारा मधे बारीक आणि टोकांना जाड असल्या तर उत्तम. ऐकायला उलटं वाटतं, पण मधला बारीक भाग ताण पचवतो आणि वाकणावरचा मार कमी होतो.

हबबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. स्वस्त गिअर सायकलींत, विशेषतः सात गिअरच्या, मागच्या चाकावर आटे असलेलं फ्रीव्हील फिरवून बसवलेलं असतं. त्या रचनेत उजवीकडचे छर्रे चिमट्याच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, टोकापासून बरेच आत राहतात आणि मधला अ‍ॅक्सल आधाराविना उघडा पडतो. भारी माणूस खड्ड्यात आदळला की तो वाकतो, पुढे तुटतो. कॅसेट म्हणजे हबवर सरकवून बसवलेल्या चकत्या; तिच्या हबमध्ये छर्रे पार कडेला असतात, म्हणून तो अ‍ॅक्सल टिकतो. शिमानोच्या क्लॅरिस, सोरा, टियाग्रा या पायऱ्यांवर कॅसेटच असते. त्याखालच्या सायकलीला हात लावताना “फ्रीव्हील आहे का कॅसेट” एवढा एकच प्रश्न विचारला तरी दुकानदाराची बसण्याची पद्धत बदलते.

आणि तारा नुसत्या पुरेशा असून भागत नाही, त्या सारख्या ताणलेल्या हव्यात. यंत्रावर विणलेल्या स्वस्त चाकांत ताण वाकडातिकडा असतो. इथे आपल्या तालुक्याच्या गावातला जुना सायकल मिस्त्री कामाला येतो. तो सायकल उलटी करतो, सीट आणि हँडलवर उभी. चाक फिरवतो आणि चिमट्याला अंगठा टेकवून बोटांत खडूचा तुकडा रिमच्या अगदी जवळ धरतो. जिथे रिम बाहेर येते तिथेच खडू उमटतो. मग तो नखाने एकेक तार छेडत जातो. उजवीकडची तार टणक वाजते, तिच्या शेजारची उजवीकडचीच तार भदभद वाजली की चावी तिथे लागते. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. शेवटी तो दोन्ही हातांनी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबतो, सगळ्या चाकाभर. त्या वेळी आतून कटकट असे आवाज येतात. पीळ बसलेल्या तारा तेव्हा मोकळ्या होतात आणि वाकणं हबच्या भोकांत नीट बसतात. मग पुन्हा खडू. नव्या सायकलीने दोनशे-तीनशे किलोमीटर काढले की हे एकदा करून घ्यावं. कार्बनचा सांगाडा ज्याने कधी हातात धरला नाही अशा मिस्त्रीचा या कामातला हात शोरूममधल्या पोरापेक्षा चांगला असू शकतो, आणि माझ्या मते बहुधा असतोच.

फक्त त्याच्याकडच्या तारा चालत नाहीत. काळ्या सायकलीची तार जाडीला आणि लांबीला वेगळी. म्हणून सायकल घेतानाच मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही मापांच्या चार-चार तारा मागून घ्याव्यात. लांबी मिलिमीटरमध्ये असते आणि दोन्हीकडची सारखी नसते. सांगाड्याच्या मागच्या दांडीला त्या टेपने चिकटवल्या की प्रश्न मिटला.

टायरला फार वेळ देत नाही, कारण इथे उत्तर सोपं आहे: सांगाड्यात बसेल तितकं रुंद. २५ मिलिमीटर सोडून द्या. २८ चालेल, ३२ बसत असेल तर ३२. बघायला गेल्यावर टायर आणि चिमटा यांच्यामधली जागा डोळ्यांनी तपासा. पुढे रुंद टायर टाकायचं म्हटलं तर ती उपयोगी येते. भारी माणसं हवा अतोनात भरतात, दगडासारखी, आणि मग मनगटं आणि कंबर धरून बसतात. स्वार, सायकल, सामान मिळून १२० किलो असतील तर ३२ च्या टायरला मागे ७५ ते ८०, पुढे ६५ ते ७० पौंड पुरतात. फार कमी भरली तर खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिममध्ये चिमटून दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात, हे तितकंच खरं. बाकी आपल्याकडे पंक्चरचं मुख्य कारण वजन नाहीच, वेडी बाभूळ आहे. आणि एक छोटी पितळी वस्तू, वीस-पन्नास रुपयांची: रोड सायकलच्या बारीक वॉल्व्हवर बसणारा अ‍ॅडॉप्टर. तो खिशात नसेल तर लामजना पाटीवर कॉम्प्रेसर असूनही तुम्ही पायी चालता.

सांगाडा कशाचा? अ‍ॅल्युमिनियम पुरेसं आहे. पोलाद मिळालं तर जरा वजनदार पण प्रेमळ. कार्बन कमजोर असतं हा समज खोटा आहे. नीट घडवलेलं कार्बन भरपूर भार सोसतं. आणि भारी माणूस रोड सायकलवर मोठ्या शर्यतीही जिंकू शकतो: मॅग्नस बॅकस्टेट हा नव्वद किलोंच्या वरचा स्वीडिश स्वार २००४ साली पॅरिस–रूबे जिंकला, आणि त्या शर्यतीचे दगडी रस्ते आपल्या ऊसतोडीच्या हंगामातल्या रस्त्यांना लाजवतील असे आहेत. मिगेल इंदुराइन ऐंशी किलोंच्या घरातला गडी, १९९१ ते १९९५ लागोपाठ पाच वेळा टूर दी फ्रान्स त्याचीच. पण त्यांच्यामागे सुट्या चाकांनी भरलेली गाडी चालत होती. कार्बनला आतून तडा गेला तर तो वरून दिसत नाही, आणि तो बघून सांगणारा माणूस किल्लारीपासून दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत मिळणं अवघड. म्हणून नको. सीटची दांडी आणि हँडलही अ‍ॅल्युमिनियमचंच बरं, आणि दांडीवर कोरलेल्या किमान खोलीच्या रेषेच्या वर ती कधी ओढू नये.

हलकेपणाचं वेड भारी माणसाला सगळ्यांत महाग पडतं. हिशेब करून बघा. शंभर किलोंचा माणूस १२ किलोंच्या सायकलीवर पाच टक्क्यांचा चढ ताशी दहा किलोमीटरने चढतो तेव्हा त्याला सुमारे १७५ वॉट ताकद लावावी लागते. सत्तर किलोंच्या माणसाला त्याच वेगाला १३० च्या आसपास. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करावा. पण सायकल दोन किलोंनी हलकी केली तर वाचतात जेमतेम तीन वॉट. त्या तीन वॉटसाठी दुकानात चाळीस-पन्नास हजार जास्त मोजायला लावतात. सपाटीवर तर वजनाचा प्रश्न आणखी लहान होतो, तिथे खरा विरोध वाऱ्याचा. बालाघाटच्या या मोकळ्या पठारावर उन्हाळ्यात समोरून सुटलेला वारा बारीक माणसालाही तितकाच छळतो.

चढासाठी पैसे घालायचे तर गिअरात घाला. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या, मागे सगळ्यांत मोठी चकती ३२ किंवा ३४ दात्यांची: हे किमान मागणं. ३४ ला ३२ लावलं की वर सांगितलेल्या चढावर ताशी दहाने पाय मिनिटाला ७४ फेऱ्या मारतात. जुन्या पद्धतीच्या शर्यतीच्या सायकलीवर पुढे ३९, मागे २५ असेल तर त्याच वेगाला ५०, आणि तो सगळा दाब गुडघ्यावर. ज्याला तुळजापूरचा घाट चढून आईच्या दर्शनाला जायचंय त्याने गुडघे वाचवावेत. उतरताना ब्रेकचा प्रश्न येतो. भारी माणसाच्या वेगात साठलेली ताकद जास्त, ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. रिम ब्रेकमध्ये ती रिममध्ये शिरते, लांब घाटात ट्यूब फुटण्याइतकी. डिस्कमध्ये ती टायरपासून दूर राहते, म्हणून माझं मत डिस्कच्या बाजूने. मात्र केबलवर चालणारी डिस्क घ्या, कारण तेलाची डिस्क बिघडली की तेल भरणारा माणूस शोधत हिंडावं लागतं.

बसण्याबद्दल लोक लाजतात. पोट असलेल्या माणसाने खाली वाकलं की मांडी पोटाला लागते, श्वास कोंडतो, आणि महिन्याभरात सायकल गच्चीवर जाते. यावर उपाय आहेत. एन्ड्युरन्स म्हणून विकली जाणारी रोड सायकल पुढून उंच असते. हँडल जरा वर आणि जवळ घेता येतं. ते दुकानातच लावून घ्यावं आणि निदान दहा मिनिटं चालवून बघावं, दुकानाच्या बोळात नाही, रस्त्यावर. सीट जाड गादीची घेऊ नका. गादी मऊ असली की बसायची हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. रुंदी बैठकीच्या हाडांच्या अंतराला जुळली पाहिजे, आणि खालच्या दोन सळ्या पोलादी असाव्यात. पहिले पंधरा दिवस बूड दुखणारच, त्याला कंपनी जबाबदार नाही.

मग एवढं सगळं पाहून रोड सायकलच का, हायब्रिड का नको? प्रश्न रास्त आहे. सरळ हँडलची, ३५ च्या टायरची, शॉकअप नसलेली हायब्रिड ही १२० किलोंच्या वरच्या माणसासाठी पहिली सायकल म्हणून मी बिनदिक्कत सुचवेन. खरा ताप शॉकअपचा. स्वस्त शॉकअप भारी माणसाखाली पहिल्याच दिवशी तळाला जाऊन बसतो आणि पुढे दोन-अडीच किलोंचं लोखंड उरतं. पण ज्याला तासाभराच्या वर चालवायचंय त्याला वळलेल्या हँडलवर हात बदलायला जागा मिळते आणि वाऱ्यात वाकता येतं. शिवाय इथले रस्ते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली, ती शहरी आखणीची, ऐसपैस. गल्ल्या रुंद झाल्या, घरं लांब गेली, शेत आणखी लांब. त्याबद्दल लोकांची तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. सायकलवाल्याला मात्र पहाटे पाचला गावातच निर्धोक फेऱ्या मारता येतात, कुत्री सोडली तर. सवय झाली की खरोशाच्या लेण्यांकडे जावं, निलंग्याकडे जावं, उमरग्याकडे जावं. वीस-तीस किलोमीटरच्या टप्प्यात सगळं. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता दर पावसाळ्याला लाटा घेतो, म्हणून ३२ च्या टायरचा आग्रह. आणि ऊस पडायला लागला की ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे न राहणं हे कोणत्याही सुट्या भागापेक्षा महत्त्वाचं.

२०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली. त्यानंतर जिल्ह्याच्या गावांतल्या डॉक्टर-वकिलांच्या बोलण्यात ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, हा शब्द वरचेवर ऐकू येऊ लागला. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सगळे थांबे धरून ताशी पंधरा. शंभर किलोंच्या माणसाला वर्षभराच्या सरावाने ते साधतं, मागचं चाक टिकलं तर.

खरेदीचं. क्लॅरिसच्या पायरीवरची नवी सायकल चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीचं लेबल दाखवणाऱ्याकडून नवं बिल मागावं. पुणे किंवा हैदराबादला जाऊन घेतली तर पसंतीला वाव मिळतो, लातूरला घेतली तर भांडायला जवळ. ऑनलाइन खोक्यातून येणारी सायकल अर्धी जोडलेली असते. घरी जोडताना पुढचा चिमटा उलटा बसवलेल्या सायकली रस्त्यावर हमखास दिसतात, आणि तशी सायकल भारी माणसाखाली वळणावर लटपटते. खोकं आलंच तर मिस्त्रीकडे न्या.

मला विचाराल तर पहिली सायकल जुनी घ्या. कोरोनाच्या दोन वर्षांत हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली लातूर-नांदेडच्या पार्किंगमध्ये धूळ खात आहेत, टायरवरचे केससुद्धा न झिजलेल्या. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असेल तर जोडांवर, विशेषतः हँडलच्या नळीखाली आणि पायडलच्या पेटीजवळ, रंगाला केसासारखी रेघ गेलीय का ते बोट फिरवून बघा. मागचं चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवा; खडखडलं तर छर्रे बदलावे लागतील. किंमत ठरवताना मालकाला सांगा की मागचं चाक मी धरत नाही, कारण त्यात तारा २४ आहेत आणि मला ते काढूनच टाकायचंय. वाचलेल्या पैशांतून ३६ भोकांचा कॅसेटचा हब, तितक्याच भोकांची डबल वॉल रिम आणि चांगल्या तारा मागवा आणि मिस्त्रीसमोर ठेवा. दहा हजारांच्या आत सहसा काम होतं. विणायला तो एक दुपार घेईल, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊन यायला सांगेल; त्या वेळी जा.